किल्ली कुणाच्या खिशात?

"ब्लॉकचेन हॅक होत नाही."

हे वाक्य मी गेल्या पाच-सहा वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचा राग येत नाही, कंटाळा येतो. कॉलेजच्या टेक-फेस्टमध्ये ऐकलं, नोकरीत व्हेंडर-मीटिंगमध्ये ऐकलं, आणि लिंक्डइनवर तर ते रोज सकाळी दुधाच्या पिशवीसारखं दारात येऊन पडतं. गंमत म्हणजे वाक्य जवळजवळ खरं आहे. बिटकॉइन किंवा इथेरियमच्या मुळाशी असलेलं गणित अजून कुणी फोडलेलं नाही. पण उद्या एखादी बँक अभिमानानं सांगू लागली की आमची तिजोरी आजवर एकदाही फुटली नाही, दरवेळी चोर मॅनेजरची किल्ली घेऊनच आत आला, तर तुम्ही तिथे पैसे ठेवाल का?

क्रिप्टोपुरता हा वाद असता तर मी हा लेख लिहायच्या फंदात पडलो नसतो. ज्याला जुगार खेळायचा त्यानं खेळावा. पण हेच वाक्य आता विजेच्या आणि शेअर-बाँडच्या सेटलमेंटसाठी विकलं जातंय. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २०१६ साली शेजाऱ्यानं शेजाऱ्याला गच्चीवरची सौर वीज ब्लॉकचेनवर विकली, त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. लखनौमध्ये उत्तर प्रदेशच्या वीज महामंडळानं पॉवर लेजर या ऑस्ट्रेलियन कंपनीला घेऊन तसाच प्रयोग केला. प्रयोग करायला माझी हरकत नाही. मी स्वतः मीटरचे आकडे उचलून बिलापर्यंत नेणाऱ्या सिस्टिमचं बॅकएंड लिहितो, त्यामुळे या कामातली कटकट मला ठाऊक आहे आणि ती कमी झाली तर मला हवीच आहे. हरकत आहे ती त्या एका वाक्यावर सगळी सुरक्षा उरकण्याला.

सेटलमेंट म्हणजे काय, ते आधी सांगतो. सौदा ठरणं वेगळं आणि तो चुकता होणं वेगळं. तुम्ही शेअर विकला, तो तुमच्या डीमॅटमधून गेला आणि पैसे खात्यात आले, की सेटलमेंट झाली. आपल्याकडे जानेवारी २०२३ पासून त्याला कामकाजाचा एक दिवस लागतो. विजेचं प्रकरण जास्त किचकट. आपला वीजबाजार दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यात कुणी ग्रिडमध्ये किती वीज घातली, कुणी किती ओढली, ठरल्यापेक्षा किती कमी-जास्त झालं, याचा हिशेब लागतो. ब्लॉकचेनवाले म्हणतात, या सगळ्यातला मधला माणूस काढून टाका. मीटर थेट साखळीशी बोलेल, स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट पैसे वळते करेल, आणि कुणावर विश्वास ठेवायची गरजच उरणार नाही.

ही शेवटची ओळ मला मान्य नाही. विश्वास उरत नाही असं कधी होत नाही, त्याची फक्त जागा बदलते. कचेरीतून उठून तो किल्लीत, स्क्रीनमध्ये आणि मीटरमध्ये जाऊन बसतो. आणि कचेरीला निदान एक शिपाई होता.

डिजिटल सही नेमकं काय सिद्ध करते, ते बघा. तुमच्याकडे एक गुप्त आकडा असतो, प्रायव्हेट की. तिला मी किल्ली म्हणतो. त्या किल्लीनं एखाद्या संदेशावर सही केली की जगातला कुणीही ती तपासू शकतो. तपासून एवढंच कळतं की ही किल्ली ज्याच्या हातात होती त्यानं या बाइट्सवर सही केली. तो हात कुणाचा होता, त्याला आपण कशावर सही करतोय हे समजत होतं का, आणि त्या बाइट्समध्ये लिहिलेली गोष्ट बाहेरच्या जगात खरोखर घडली का, यातलं काहीही सही सांगत नाही. सांगू शकतच नाही. मोठमोठ्या चोऱ्या झाल्या त्या याच तीन फटींतून.

पहिली फट, हात कुणाचा. रोनिन नावाचं एक नेटवर्क होतं, ॲक्सी इन्फिनिटी या गेमसाठी बनवलेलं. पैसे बाहेर काढायला ९ पैकी ५ व्हॅलिडेटरच्या सह्या लागायच्या. ऐकायला भक्कम. पण ९ पैकी ४ किल्ल्या स्काय मेव्हिस या एकाच कंपनीकडे होत्या. पाचवी किल्ली दुसऱ्या संस्थेची होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये युजरची गर्दी वाढली म्हणून त्या संस्थेनं स्काय मेव्हिसला आपल्या वतीनं सही करायची परवानगी दिली. डिसेंबरमध्ये गरज संपली. परवानगी मात्र तशीच राहिली, कुणी काढलीच नाही. मार्च २०२२ मध्ये हल्लेखोरांनी स्काय मेव्हिसमध्ये शिरून चार किल्ल्या मिळवल्या, पाचवी सही त्या विसरलेल्या परवानगीतून काढली आणि ६० कोटी डॉलरहून अधिक माल दोन व्यवहारांत नेला. कंपनीला हे कळायला सहा दिवस लागले. तेही एका युजरनं तक्रार केली म्हणून, की माझे ५,००० इथर निघत नाहीयेत. अमेरिकेच्या एफबीआयनं नंतर या चोरीमागे उत्तर कोरियाचा लॅझरस गट असल्याचं सांगितलं.

साखळीच्या दृष्टीनं त्या सहा दिवसांत काहीच बिघडलेलं नव्हतं. पाच सह्या हव्या होत्या, पाच मिळाल्या, सगळ्या अस्सल.

आता विजेकडे या. ऊर्जा क्षेत्रासाठी बनलेल्या साखळ्या बहुतेक याच घाटाच्या असतात. एनर्जी वेब चेन २०१९ मध्ये सुरू झाली ती 'प्रूफ ऑफ अथॉरिटी' पद्धतीनं. म्हणजे ठरावीक, ओळखीच्या संस्था व्हॅलिडेटर, त्यात बऱ्याचशा ऊर्जा कंपन्याच. या रचनेत मुळात चूक काहीच नाही, उलट वीज जाळून नाणी खणण्यापेक्षा हे शहाणपणाचं आहे. पण मग 'विकेंद्रित' हा शब्द वापरताना जीभ जरा जड व्हायला हवी. नऊ खुर्च्या मांडल्या म्हणजे नऊ माणसं आली असं होत नाही. त्यातल्या किती किल्ल्या एकाच क्लाउड खात्यात आहेत, किती एकाच आयटी कंत्राटदाराकडे आहेत, हे विचारायला नको? मी एकदा एका मीटिंगमध्ये हे विचारलं होतं. नाव घेत नाही. उत्तर आलं, "सर, इट्स डिसेंट्रलाइज्ड." मी पुन्हा विचारलं की कॉन्ट्रॅक्ट अपग्रेड करायची किल्ली कुणाकडे असते? "आमच्या टीमकडे." बरं.

दुसरी फट, सही करणाऱ्याला काय दिसतं. तुमच्यापैकी काहींचे पैसे वझीरएक्समध्ये अडकले असतील, त्यांना ही गोष्ट जास्त कळेल. मुंबईत सुरू झालेल्या या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून १८ जुलै २०२४ ला सुमारे २३.५ कोटी डॉलर गेले, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांच्या घरात. त्या वॉलेटला सहा सही-अधिकारी होते, पाच वझीरएक्सचे आणि एक लिमिनल या कस्टडी कंपनीचा. हार्डवेअर वॉलेट होती, एकाहून जास्त सह्यांची अट होती, पैसे ठरलेल्याच पत्त्यांवर जातील अशी यादीही होती. कंपनीचं म्हणणं, स्क्रीनवर दिसत होतं एक आणि सही झाली भलत्याच गोष्टीवर. लिमिनलनं आपली सिस्टिम फुटली नसल्याचं सांगितलं. दोघांचं भांडण बाजूला ठेवा. ज्यांचे पैसे होते त्यांना खात्यातला आकडा नुसता बघत वर्षाहून अधिक काळ काढावा लागला, आणि प्रकरण सिंगापूरच्या कोर्टात गेलं.

सात महिन्यांनी, २१ फेब्रुवारी २०२५ ला, बायबिट. जवळपास दीड अब्ज डॉलरचे इथर, एका फटक्यात. इथे तर वॉलेटचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सेफच्या एका डेव्हलपरच्या मशीनमध्ये हल्लेखोर शिरले आणि त्यांनी वेबसाइटवरचा जावास्क्रिप्ट बदलला. अधिकाऱ्यांना स्क्रीनवर नेहमीचाच व्यवहार दिसला. हातातल्या हार्डवेअर डिव्हाइसवर जे आलं ते माणसाला वाचता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी सही केली. आमच्या धंद्यात याला 'ब्लाइंड सायनिंग' म्हणतात, आंधळी सही. गावाकडे कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन सातबारा बदलायचे, त्यापेक्षा हे कुठे वेगळं आहे? फरक असलाच तर एवढा की अंगठा देणाऱ्याला कोर्टात उभं राहून फसवणूक झाली असं म्हणता यायचं. साखळीवर सही झाली की माल गेला.

तिसरी फट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. सही खरी, पण माल कुठाय?

'स्कॅम १९९२' बघितलेल्यांना बीआर आठवत असेल. बँक रिसीट. एका बँकेनं दुसरीला सरकारी रोखे विकले की प्रत्यक्ष रोख्यांऐवजी पावती द्यायची: तुमचे रोखे माझ्याकडे आहेत, नंतर देतो. पद्धत सोयीची होती. पुढे बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँकेनं मागे रोखे नसतानाच पावत्या दिल्या. पावतीवरची सही खोटी नव्हती, शिक्काही बँकेचाच होता. कागद बघून कुणाला शंका यावी असं त्यात काहीच नव्हतं. फक्त कागदाच्या मागे काही नव्हतं. बँक ऑफ कराड त्यातून पुन्हा उभी राहिली नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये वर्महोल या ब्रिजवर जे झालं ते बीआर प्रकरणच, फक्त तीस वर्षांनी आणि कोडमध्ये. ब्रिजचं काम असं: इथेरियमवर तुमचे इथर कुलपात ठेवायचे आणि सोलाना साखळीवर त्यांची पावती द्यायची, 'रॅप्ड इथर'. राखणदारांच्या सह्या तपासल्या गेल्यात का, हे कोड एका सिस्टिम खात्याला विचारत होता. ते खातं खरंच सिस्टिमचं आहे का, हे मात्र बघत नव्हता. चोरानं आपलं बनावट खातं पुढे केलं, त्यानं "हो, तपासल्या" म्हणून मान डोलावली, आणि कुलपात काहीही न ठेवता १,२०,००० इथरच्या पावत्या छापल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी वर्महोलच्या पाठीशी असलेल्या जंप क्रिप्टोनं स्वतःच्या खिशातून तेवढे इथर भरले म्हणून बाकीचे वाचले. प्रत्येक ब्रिजला असा श्रीमंत काका असतो असं नाही.

विजेच्या बाबतीत हा कुलपातला माल म्हणजे मीटरचं रीडिंग. साखळी एकदा लिहिलेला आकडा बदलू देत नाही, मान्य. पण आकडा लिहिला कुणी? प्वेर्तो रिकोमध्ये स्मार्ट मीटर आल्यावर वीज कंपनीला मोठी गळती लागली, तेव्हा २०१० मध्ये एफबीआयनं त्याचा छडा लावला. मीटर कंपनीचे आणि वीज कंपनीचे आजी-माजी कर्मचारी घरगुती मीटरमागे ३०० ते १,००० डॉलर घेऊन मीटर 'सेट' करून देत होते. साधन काय, तर मीटरच्या ऑप्टिकल पोर्टला जोडायचा एक कन्व्हर्टर, लॅपटॉप आणि इंटरनेटवर मिळणारं सॉफ्टवेअर. ज्यांना तेवढंही जमत नव्हतं ते रात्री मीटरवर जाड लोहचुंबक ठेवायचे. (आपल्याकडे ही विद्या कुणाला शिकवायला नको.) असा मीटर ब्लॉकचेनला जोडा. तो दर पंधरा मिनिटांनी खोटा आकडा पाठवेल, त्यावर अस्सल सही करेल, आणि साखळी तो खोटा आकडा जन्मभर जपून ठेवेल.

देशात २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर लावायचं लक्ष्य आहे. महाराष्ट्रात त्यावरून मोर्चे निघाले ते वाढीव बिलाच्या भीतीनं, आणि ती भीती खोटी म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. पण मोर्चात कुणी विचारत नाही असा एक प्रश्न माझ्यासारख्यानं विचारायला हवा. प्रत्येक मीटरची किल्ली कुठे तयार होते? मीटरच्या आतल्या चिपमध्ये, जिथून ती बाहेर काढता येत नाही? की कारखान्यातल्या कुठल्याशा एक्सेल शीटमध्ये? मीटर बदलला, भंगारात गेला, तर त्याची किल्ली रद्द कोण करतं?

विजेला तर एक देणगी आहे जी शेअरबाजाराला नाही. ती भौतिकशास्त्राला फसवू शकत नाही. ट्रान्सफॉर्मरमधून जेवढी वीज निघाली तेवढीच खालच्या घरांत पोचायला हवी, तारांतली गळती सोडून. ट्रान्सफॉर्मरवर एक चांगला मीटर बसवा, खालच्या मीटरची बेरीज त्याच्याशी ताडा, खोटं बोलणारा मीटर कुठल्या गल्लीत आहे ते कळायला लागतं. याला साखळी लागत नाही, टोकन लागत नाही. याचं प्रेझेंटेशन देखणं होत नाही, हाच काय तो दोष.

आता 'अपरिवर्तनीय' या गुणाबद्दल, कारण विक्रीचा सगळा भर त्यावर असतो. एकदा झालं की झालं, कुणी मागे फिरवू शकत नाही. जणू हिशेबाची हीच सर्वोच्च अवस्था.

यावर युरोपनं फार महागडा धडा शिकून ठेवलाय आणि त्यात ब्लॉकचेनचा संबंधही नव्हता. युरोपातल्या वीजनिर्मिती केंद्रांना आणि कारखान्यांना कार्बन सोडण्यासाठी परवाने लागतात, एक टन कार्बन डायऑक्साइडला एक परवाना. ते नुसत्या नोंदी असतात, तेव्हा देशोदेशीच्या रजिस्ट्रीतल्या खात्यांत असायच्या. लॉगिन-पासवर्ड टाकायचा, परवाना पाठवायचा, काही क्षणांत तो दुसऱ्याचा. जानेवारी २०१० मध्ये जर्मन रजिस्ट्रीच्या युजरना बनावट मेल गेले, काहींनी पासवर्ड टाकले, सुमारे अडीच लाख परवाने उडाले. नोव्हेंबरमध्ये रोमानियात होलसिम या सिमेंट कंपनीच्या खात्यातून १६ लाख परवाने गेले. मग १८ जानेवारी २०११ ला प्रागमध्ये ओटीई या संस्थेच्या कचेरीत बाँब असल्याचा फोन आला. ही संस्था चेक वीजबाजार चालवते, आणि कार्बन रजिस्ट्रीही तिच्याकडेच. इमारत रिकामी केली गेली. बाँब नव्हता. दुसऱ्या दिवशी ब्लॅकस्टोन ग्लोबल व्हेंचर्स या कंपनीच्या लक्षात आलं की खात्यातले ४ लाख ७५ हजार परवाने गेलेत. एव्हाना ते देश ओलांडत, हात बदलत पुढे निघाले होते. १९ जानेवारीला युरोपीय आयोगानं अख्ख्या खंडातले परवान्यांचे व्यवहार थांबवले. देशोदेशीच्या रजिस्ट्रीनं आपली सुरक्षा सिद्ध करायची, मगच दार उघडायचं.

नंतर त्यांनी काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. दुसऱ्या माणसाची मंजुरी आली. विश्वासू खात्यांची यादी आली. आणि व्यवहार मुद्दाम २६ तास उशिरा पुरा व्हायचा, म्हणजे सकाळी उठून खातं बघणाऱ्याला चोरी अडवता यावी. ज्या बाजाराला वेगाचा अभिमान होता त्यानं स्वतःच्या पायात दगड बांधून घेतला. इंग्लंडच्या कोर्टात २०१२ मध्ये अशाच चोरीच्या परवान्यांवर खटला चालला आणि ज्यानं शंका येऊनही ते घेतले होते त्याला मूळ मालकाला भरपाई द्यावी लागली. उशीर, यादी, थांबवायचं बटण आणि न्यायाधीश. ब्लॉकचेनची जाहिरात या चारही गोष्टींना रोग म्हणते. युरोपात त्याच औषध ठरल्या.

शिवाय विजेचा हिशेब जात्याच दुरुस्त होत जाणारा असतो. ब्रिटनमध्ये एलेक्सॉन ही संस्था एकाच दिवसाचा हिशेब पुन्हा पुन्हा काढते, आणि परंपरेनं शेवटची फेरी सुमारे १४ महिन्यांनी व्हायची. आता ती मुदत कमी करायचं काम चालू आहे, पण एका फेरीत उरकत नाहीच. का? कारण मीटर नादुरुस्त निघतात, रीडिंग उशिरा येतं, दोन घरांची नावं उलटी पडलेली असतात. हे ज्यानं कधी हाताळलंय त्याला 'अपरिवर्तनीय बिल' या शब्दानंच घाम फुटेल.

यावर ठरलेलं उत्तर असतं: उलटी नोंद करता येते की! हो, येते. पण उलटी नोंद करायचा अधिकार कुणाच्या तरी किल्लीला द्यावा लागतो. ती किल्ली फुटली की चोरच उलट्या नोंदी करणार. म्हणजे फिरून आपण तिथेच आलो, किल्ली कुणाच्या खिशात.

ब्लॉकचेनचा उपयोगच नाही असं मी म्हणत नाही. एकमेकांवर विश्वास नसलेल्या पाच-सहा संस्थांना एकच वही हवी असेल आणि कुणी गुपचूप पान फाडू नये अशी अट असेल, तर ही चांगली वही आहे. एकच हरित प्रमाणपत्र दोघांना विकलं जाऊ नये यासाठी तिचा उपयोग होऊ शकतो. पण वही चांगली म्हणून कारकून प्रामाणिक ठरत नाही, आणि तिजोरीच्या किल्ल्या टेबलावर पडलेल्या असतील तर वहीत त्या चोरीची फक्त सुवाच्य नोंद होते.

आणि नुकसान कुणाचं, हा प्रश्न आहेच. रोनिनला गुंतवणूकदार मिळाले. बायबिटनं उसनवारी करून भरून काढलं. वर्महोलला काका होता. वीज वितरण कंपनीचं असं काही झालं तर भरपाई कुठून येईल? दरवाढीतून. म्हणजे तुमच्या-माझ्या बिलातून, आणि ज्याच्या घरात दोन दिवे आणि एक पंखा आहे त्याच्याही.

म्हणून एक काम सांगतो. महाराष्ट्र वीज नियामक आयोग वीजदराच्या याचिकांवर लोकांकडून सूचना आणि हरकती मागवतो, कुणीही पाठवू शकतो, इंजिनिअर असायची गरज नाही. ज्या दिवशी एखाद्या याचिकेत ब्लॉकचेनवरच्या सेटलमेंटचा खर्च तुमच्या दरात धरलेला दिसेल, त्या दिवशी हरकतीत एवढं लिहा: कॉन्ट्रॅक्ट बदलायची किल्ली किती माणसांकडे आहे, ती माणसं एकाच कंपनीची आहेत का, सही करताना त्यांच्या डिव्हाइसवर व्यवहार वाचता येईल अशा भाषेत दिसतो का, दिलेली परवानगी आपोआप कधी संपते, मोठा व्यवहार किती तास थांबवून ठेवला जातो, आणि चोरी झाली तर पैसे कोण भरणार. उत्तर लेखी मागा.